जाम नदीचे दोन काठ : मिथक, तत्त्वज्ञान आणि उत्तर-आधुनिक विचार



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या आवडीचा विषय निवडावा असे संयोजकांनी सुचविले होते. पुराण सांगता सांगता मध्येच थांबून "आता याचा अर्थ काय, ते तुम्ही सांगा" असे म्हणणारे ते शिक्षक होते. म्हणून मिथक आणि तत्त्वज्ञान यांच्या संबंधाविषयी, आणि त्या संबंधाकडे उत्तर-आधुनिक म्हणवणाऱ्या विचारवंतांनी कसे पाहिले याविषयी, बोलावे असे मी ठरविले. विषय पॅरिसच्या विद्यापीठात शोभणारा आहे, पांढुर्ण्यात तो कशाला, अशी शंका कुणाच्या मनात येईल. माझे म्हणणे असे की या विषयाची परीक्षा घेण्यासाठी पांढुर्ण्याइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही.

प्रथम शब्दाविषयी दोन वाक्ये. 'मिथक' हा शब्द हिंदीतून आपल्याकडे आला आणि आपण दुभाषी माणसे असल्यामुळे तो आपल्याला परका वाटला नाही. मराठीत कुणी पुराणकथा म्हणतात, कुणी दैवतकथा, कुणी प्राक्कथा. 'मिथक' ऐकताच 'मिथ्या' आठवते, ही या शब्दाची अडचण आहे. मिथक म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. ज्या गोष्टीच्या आधारे एखादा समाज आपण कोण, आपले कोण, परके कोण हे ठरवितो आणि जी गोष्ट वर्षातून एकदा तरी तो हातापायांनी जगतो, ती मिथक. एवढी व्याख्या आजच्यापुरती पुरे.

तत्त्वज्ञानाचा जन्म मिथकाला नाकारून झाला, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. ग्रीकांनी देवांच्या गोष्टी सोडल्या आणि कारणे शोधायला सुरुवात केली, असा तो सरळ हिशेब. परंतु प्लेटोचा 'फीड्रस' हा संवाद उघडला की हा हिशेब चुकू लागतो. सॉक्रेटिस आणि तरुण फीड्रस अथेन्सच्या वेशीबाहेर, उन्हाळ्याच्या दुपारी, इलिसस नदीच्या पात्रातून अनवाणी चालले आहेत. फीड्रस विचारतो, उत्तरवाऱ्याचा देव बोरियस याने ओरिथिया नावाच्या राजकन्येला पळवून नेले, ते इथूनच ना? सॉक्रेटिस म्हणतो, इथून नाही, दोन-तीन फर्लांग खाली, जिथे बोरियसची वेदी आहे. मग फीड्रस खरा प्रश्न टाकतो : ही गोष्ट तुम्हाला खरी वाटते का?

सॉक्रेटिसचे उत्तर फार विचार करण्यासारखे आहे. तो म्हणतो, शहाण्या लोकांसारखा अविश्वास दाखवून मला सांगता येईल की मुलगी फार्माकिया नावाच्या मैत्रिणीबरोबर खेळत होती, वाऱ्याचा झोत आला, ती खडकावरून पडून मेली, आणि तिला वाऱ्याने नेले अशी गोष्ट झाली. पण हा मार्ग धरला की प्रत्येक राक्षसाचा, प्रत्येक पंखवाल्या घोड्याचा असाच उलगडा करीत बसावे लागेल. तेवढी फुरसत मला नाही. 'स्वतःला ओळख' ही डेल्फीची आज्ञा अजून माझ्याकडून पुरी झालेली नाही. लोक मानतात ते मी मानून चालतो आणि स्वतःकडे पाहतो, की मीच एखादा गुंतागुंतीचा राक्षस आहे की काय.

म्हणजे तत्त्वज्ञ येथे मिथकाला खोटे ठरवीत नाही, खरेही ठरवीत नाही. तो प्रश्नाची दिशा बदलतो : गोष्टीत काय घडले हे राहू दे, ही गोष्ट बाळगणारा मी कोण? आणि गंमत अशी की याच संवादात पुढे सॉक्रेटिस स्वतः तीन गोष्टी रचून सांगतो. दोन घोड्यांच्या रथाची, रातकिड्यांची, आणि लेखनकला शोधणाऱ्या थ्यूथ देवाची. मिथकाचे विच्छेदन करायला फुरसत नसलेल्या माणसाला मिथक रचायला मात्र भरपूर फुरसत आहे.

नदी, नदीकाठची मुलगी, तिला नेणारा कुणी तरी, आणि काठावर उभा राहून "हे खरे का?" असे विचारणारा तरुण. श्रोतेहो, तुम्हाला ही जागा ओळखीची वाटली असेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे मारबत निघते आणि आपल्याकडे जाम नदीवर गोटमार होते. पळसाचे झाड पात्राच्या मधोमध रोवले जाते, त्यावर झेंडा बांधला जातो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर गोटे उडतात. झाड तोडून झेंडा काढला गेला की तो चंडीमातेच्या देवळात जातो आणि मग दोन्ही काठांची माणसे एकत्र पूजा करतात. बाहेरच्या पत्रकारांना 'गोटमार' या शब्दाचे कोडे पडते. आपल्याला पडत नाही. गोटा हा आपल्या अंगणातला शब्द आहे.

आता गोष्ट. सर्वाधिक ऐकू येते ती प्रेमाची : पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पहाटे नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी पाहिले, दगड सुरू झाले, मुलाकडचे धावून आले, त्यांचेही दगड सुरू झाले. काहींच्या सांगण्यात दोघे प्रवाहातच मरतात आणि पश्चात्तापाने दोन्ही गावे त्यांना देवीपुढे नेतात. काहींच्या सांगण्यात दोघे सुखरूप काठाला लागतात. दुसऱ्या एका कथेत मुलगा प्रेमी नाही, पांढुर्ण्याचा राजा आहे, आणि तो सावरगावच्या प्रमुखाची मुलगी पळवून आणतो. तिसऱ्या कथेत मुलगीच नाही. तिथे भोसल्यांच्या सैन्याशी झालेली झुंज आहे आणि शस्त्रे अपुरी पडली म्हणून नदीतले दगड उचलले गेले आहेत.

यांतली खरी कोणती? क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९५५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या प्रश्नालाच निकालात काढले. त्याचे म्हणणे, मिथकाची मूळ प्रत नसते. सगळी पाठांतरे मिळून मिथक होते, नंतरच्या भाष्यकारांनी केलेले अर्थही त्यात धरून. हे मान्य केले तर आपल्या तिन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. तिन्हींत नदी ओलांडली जाते. एकीत वधू ओलांडते, एकीत लुटून आणलेली मुलगी, एकीत शत्रू. विवाह, अपहरण आणि युद्ध ही एकाच कृतीची तीन रूपे या दगडांखाली दडलेली आहेत, आणि पात्रातले ते पळसाचे झाड एकाच वेळी मुलगीही आहे व निशाणही आहे. सोयरा आणि वैरी यांच्यामधले अंतर एका नदीच्या रुंदीएवढेच असते, हे लग्नाच्या याद्या केलेल्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही.

मराठीत मिथके वाचण्याची परंपरा याहून जुनी आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त वामनावताराची कथा घेतली आणि तिच्यातले काठ बदलले. बळी हा कुणब्यांचा राजा झाला आणि वामन घुसखोर. त्यांनी पुराण फेकून दिले नाही, ते उलट्या बाजूने वाचले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त पुण्याच्या परिसरातील वाटा पायी तुडवून मातृदेवतांची ठाणी शोधली आणि कथांखालचे जमिनीचे, उत्पादनाचे, टोळ्यांच्या मिलाफाचे व्यवहार दाखविले. कोसंबी जामकाठी आले असते तर त्यांनी प्रेमकथेकडे फारसे लक्ष दिले नसते असा माझा तर्क आहे. त्यांनी पळस पाहिला असता, देवी पाहिली असती, आणि पोळ्याच्या लगत रक्त का सांडते ते विचारले असते.

हे सगळे वाचन बुद्धीला समाधान देते. परंतु सॉक्रेटिसचा आक्षेप इथेही लागू आहे. उलगडा झाल्यावर काय? दगड का मारतात याची तीन उत्तम कारणे सांगून झाली तरी पुढच्या पोळ्याला दगड उडायचे ते उडतातच.

आता उत्तर-आधुनिकतेकडे येतो. झाँ-फ्रान्स्वा लिओतार याने १९७९ साली कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेसाठी ज्ञानाच्या स्थितीविषयी एक अहवाल लिहिला. त्या लहानशा पुस्तकात त्याने उत्तर-आधुनिकतेची जी व्याख्या केली ती सर्वतोमुखी झाली : महाकथनांवरचा अविश्वास. मानवजात अज्ञानाकडून ज्ञानाकडे चालली आहे, इतिहास मुक्तीकडे चालला आहे, अशा ज्या थोर कथा आधुनिक युगाने स्वतःला सांगितल्या, त्यांच्यावरचा विश्वास उडाला आहे, असे त्याचे निदान. याचा अर्थ फार मोठा होतो. मिथकांना हाकलून देणारे तत्त्वज्ञान स्वतःच एका मिथकाच्या बळावर उभे होते. या अहवालात लिओतारने ॲमेझॉन खोऱ्यातील काशिनाहुआ जमातीच्या कथेकऱ्यांचे उदाहरण घेतले आहे. तो कथेकरी पुरावा देत नाही. मी जशी ऐकत आलो तशी सांगतो, एवढाच त्याचा अधिकार. आपल्याकडेही "आम्ही लहानपणापासून असेच ऐकत आलो" यापलीकडे कुणी गोटमारीचा दाखला देत नाही आणि कुणी मागतही नाही.

येथपर्यंत मी लिओतारबरोबर आहे. पुढे त्याच्या नावावर जे खपविले गेले त्याच्याशी मात्र माझे पटत नाही. महाकथन संपले म्हणजे सगळ्या लहान कथा सारख्याच पवित्र झाल्या, कुणी कुणाच्या कथेला प्रश्न विचारू नये, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला गेला. पूर्वी "परंपरा आहे" म्हणणारा माणूस शिकलेल्या सभेत थोडा संकोचत असे. आता त्याला पॅरिसहून वकील मिळाला. पण लहान कथा निरुपद्रवी असतेच असे नाही. सौंसरजवळ जामसावळीला हनुमान पहुडलेला आहे. तो आधी उभा होता आणि नंतर आडवा झाला, असे भाविक सांगतात. ही कथा खरी की खोटी, हे विचारायची कुणालाच गरज पडत नाही, कारण तिच्यामुळे कुणाचे डोके फुटत नाही. गोटमारीची गोष्ट वेगळी. १९५५ पासून या खेळात दगावलेल्यांची संख्या वृत्तपत्रे देतात ती डझनाहून अधिक आहे, आणि जखमींची दरवर्षी शेकड्यांत. कथा लहान असली तरी दगड पूर्ण वजनाचा असतो.

उलट बाजूने शासनाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. जमावबंदीचे हुकूम निघाले, गोफणीवर बंदी आली, डॉक्टरांची पथके नदीकाठी बसविण्यात आली. एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले. चेंडू चालले नाहीत, दगडच चालले. या चेंडूंना पुष्कळ लोक हसले. मला ते हसू अपुरे वाटते. हॉर्कहायमर आणि ॲडोर्नो या दोन जर्मन विचारवंतांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, परदेशी आसरा घेतलेला असताना, असे लिहिले की मिथक हेच आधी एक प्रकारचे प्रबोधन होते आणि प्रबोधन पुन्हा मिथकात कोसळते. रबरी चेंडूत हे दोन्ही दिसते. हेतू शहाणा होता. पण विधीतून धोका तेवढा काढून घेतला की उरलेला विधी तसाच चालेल, हा विश्वास कोणत्याही कुलाचाराइतकाच भाबडा होता. जखम हा या खेळाचा अपघात नाही. जखमेने तो नवस फेडला जातो, वंश सिद्ध होतो, काठ सिद्ध होतो.

आणि जखमेवर काय लावतात? देवीच्या देवळातला अंगारा. येथे मला झाक देरिदा आठवतो. 'फीड्रस' संवादातल्या ज्या फार्माकियाचा उल्लेख वाचक डोळ्यांआड करतात, तिच्या नावापासून देरिदाने १९६८ साली 'प्लेटोचे औषधालय' हा दीर्घ निबंध उभा केला. ग्रीक 'फार्माकॉन' या शब्दाचा अर्थ औषधही आहे आणि विषही. प्लेटो लेखनकलेला हा शब्द वापरतो, आणि भाषांतरकार कधी औषध लिहितात, कधी विष. देरिदा म्हणतो, निवडू नका, शब्दाने दोन्ही धरून ठेवले आहे. मिथकाची जात हीच आहे. ज्या कथेने डोके फुटते त्याच कथेच्या चिमटीने ते सावरले जाते, आणि ज्या दिवशी दोन काठ वैरी होतात त्याच संध्याकाळी ते एका देवीपुढे हात जोडतात. उपचार करणाऱ्याला विष फेकून औषध ठेवता येत नाही. मात्र मात्रा कुणी ठरवायची हा प्रश्न उरतोच, आणि देरिदाचे अनेक अनुयायी या प्रश्नाच्या उंबरठ्यावर मजेत खेळत बसले, अशी माझी तक्रार आहे.

थोडे विषयांतर करून नागपूरला जाऊन येतो, कारण तिथल्या मारबतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात. तिचा संबंध कुणी पूतनेशी जोडतात, तर कुणी भोसल्यांच्या बाकाबाईशी. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ साली आप्पासाहेब पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले आणि बाकाबाई पालक म्हणून कारभारात आल्या. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स डोक्यावर बसलेला होता. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. सेना, तह, कर्ज, दत्तक, कलकत्त्याचे धोरण, अशी शंभर कारणे असलेला हा इतिहास. मिरवणुकीत मात्र त्याची एक काळी बाई होते आणि वेशीबाहेर जाळली जाते. रोलाँ बार्थने १९५७ च्या 'मायथॉलॉजीज'मध्ये म्हटले की मिथक इतिहासाचे रूपांतर निसर्गात करते. जे माणसांनी विशिष्ट काळी केले ते जणू पावसासारखे आपोआप घडले, असे भासविते. नागपूरला इतिहासातल्या एका स्त्रीचे फक्त नाव उरले, बाकी ती गेली. तिथून शंभरएक किलोमीटरवर, त्याच दिवशी, जाम नदीत एक स्त्री अशी आहे की तिला नावही नाही.

ओरिथियाला नाव होते. सावरगावच्या मुलीला मी तरी कोणत्याही कथेत नाव ऐकलेले नाही. आणि ती स्वतःच्या पायांनी आली की तिला ओढून आणले, यावर कथा तिच्याकडे न पाहताच परस्पर आपापसांत भांडतात. एका काठासाठी ती गेलेली अब्रू, दुसऱ्या काठासाठी मिळालेली सून. तिचे म्हणणे मांडायला या दोन्ही बोलींत जागाच नाही.

लिओतारचे १९८३ चे पुस्तक येथे उपयोगी पडते. अहवालाइतके ते वाचले गेले नाही, पण मला ते अधिक मोलाचे वाटते. त्यात तो अशा तंट्यांविषयी बोलतो की जिथे निवाड्याची भाषा एका पक्षाची आहे आणि त्या भाषेत दुसऱ्याची इजा सांगताच येत नाही. नुकसान झालेल्याला पुरावा देता येतो. अन्याय झालेल्याचा पुरावा देण्याचा मार्गच बंद झालेला असतो. विचाराचे काम अशा मौनाला शब्द शोधण्याचे आहे, असे तो म्हणतो. "सगळ्या कथा सारख्याच" म्हणणाऱ्यांनी हा लिओतार वाचलेला दिसत नाही. आणि हे मौन नदीतल्या त्या मुलीपुरतेच नाही. गोट्याने ज्या घरातला माणूस गेला त्या घरातल्या बाईलाही हीच अडचण. काठाच्या भाषेत तो देवीच्या कामी आला, सरकारी भाषेत तो एक आकडा झाला. "माझा माणूस गेला आणि तो जायला नको होता" हे साधे वाक्य म्हणायचे तर ते परंपरेविरुद्ध बोलणे ठरते.

इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये, १९६७ साली, एक मार्ग दाखविला. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी देवघरातून उतरवून माणसे म्हणून समोर बसविले आणि तुमचे काय झाले, असे विचारले. त्यांनी महाभारत नाकारले नाही आणि त्याची पूजाही बांधली नाही. मिथकाच्या आत शिरून मिथकाला जाब विचारणे, हे तत्त्वज्ञानाचे काम आहे असे मला वाटते, आणि बाईंनी ते कोणत्याही परकीय संज्ञेवाचून केले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८ चा इशारा मात्र कानाआड करता येत नाही. मुक्या माणसाच्या वतीने बोलणारा बहुधा स्वतःचेच बोलतो. सावरगावच्या मुलीच्या तोंडी मी आज एखादे भाषण घातले असते, तर ते माझे भाषण झाले असते.

म्हणून मी भाषण घालणार नाही. शाळेच्या चालकांपुढे एक विनंती ठेवतो. सन २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची माहितीपुस्तके आता निघतील आणि त्यांत गोटमारीची एकच गुळगुळीत कथा छापली जाईल. एकदा छापली की मुले तीच पाठ करतील आणि बाकीच्या विसरल्या जातील. त्याआधी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना दोन वह्या द्या. एक पांढुर्ण्याच्या काठाची, एक सावरगावच्या. घरोघरच्या आजीला, आत्याला, माहेरी आलेल्या बहिणीला विचारून त्यांनी ही कथा जशी ऐकायला मिळेल तशी लिहून घ्यावी, मराठीत सांगितली तर मराठीत, हिंदीत तर हिंदीत, गोंडीत तर गोंडीत. दुरुस्त करू नये. प्रत्येक सांगणारीला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ती मुलगी आपणहून आली होती का, तिचे नाव काय होते, आणि त्या दिवशी तुमच्या घरातली बाई कुठे उभी असते. दोन्ही काठांच्या वह्या पुढल्या पोळ्याच्या आधी याच सभागृहात मोठ्याने वाचल्या जाव्यात, आणि ऐकायला दोन्हीकडचे लोक बोलवावेत. वाचनाच्या त्या दिवशी मला बोलाविले तर मी श्रोत्यांत बसेन.